संगमरवरातले काळे पट्टे : देवलापार परिसरातल्या एका भूवैज्ञानिक नकाशाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरहून जबलपूर रोडनं निघालं की मनसर मागे पडतं, मग चोरबाहुली आणि देवलापार लागतात. प्रवाशाच्या दृष्टीनं ही चहाला थांबायची ठिकाणं. भूविज्ञान शिकलेल्या माणसाला मात्र मनसर आणि चोरबाहुली ही आधी खडकांची नावं म्हणून आठवतात, मग गावांची. सौसर समूह नावाच्या रूपांतरित, म्हणजे उष्णतेनं आणि दाबानं बदललेल्या, खडकांच्या थरांना इथल्या आणि सीमेपलीकडच्या गावांचीच नावं दिलेली आहेत : लोहांगी, मनसर, चोरबाहुली, जुनेवानी, बिछुआ. यात अभ्रकी शिस्ट (चिखलापासून झालेला, पापुद्र्यांचा खडक) आहे, क्वार्टझाइट (वाळूपासून झालेला) आहे, संगमरवर आहे आणि ज्याच्यामुळे हा मुलूख जगाला माहीत झाला ते मँगनीज आहे. लुईस फर्मोर यांनी १९०९ साली भारतातल्या मँगनीज साठ्यांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. क्वार्ट्झ आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांच्या इथल्या खडकाला त्यांनी गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ असं नाव दिलं. ते आजही जगभर चालतं. पुढे १९३६ साली डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी देवलापारचे थर नुसते घड्या पडलेले नसून एकमेकांवर सरकून उलटेपालटे झालेले आहेत असं मांडलं. त्या मांडणीवर नंतर बराच वाद झाला, पण देवलापारचं नाव पाठ्यपुस्तकात गेलं ते गेलंच.

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालय आहे. तिथल्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांनी, एक मुलगा आणि एक मुलगी, प्रबंधासाठी याच भागातला एक छोटा पट्टा घेतला. मी त्यांचा मार्गदर्शक नव्हतो. अर्धं काम झाल्यावर नकाशा बघायला मला बोलावलं आणि पुढचं बरंचसं मी जवळून पाहिलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. खाणपट्ट्यात कुणी नकाशा काढतंय म्हटलं की आधी जमिनीच्या भावाची चर्चा सुरू होते.

प्रश्न कुठून उभा राहिला

त्या पट्ट्यात पांढऱ्या संगमरवरात काळे पट्टे आहेत. खडक अँफिबोलाइट, म्हणजे मुख्यतः हॉर्नब्लेंड आणि प्लॅजिओक्लेज ही दोन खनिजं. बेसॉल्ट खोल दाबला-तापवला गेला की अँफिबोलाइट होतो, एवढं पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं. मुलांनी प्रबंधाचा विषय ठरवतानाच शीर्षकात ‘प्राचीन महासागरी कवचाचे अवशेष’ असे शब्द घातले होते.

कल्पना वेडगळ नव्हती. मध्य भारतात उत्तरेचा बुंदेलखंडचा आणि दक्षिणेचा बस्तरचा असे दोन जुने भूखंड एकमेकांना जोडले गेलेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सौसरचे खडक त्या सांध्याच्या पट्ट्यात येतात. जोड आहे तर मधे कधीतरी महासागर असला पाहिजे आणि तो मिटला तर त्याच्या तळाचा एखादा तुकडा वर अडकून राहिला असला पाहिजे. लडाखमध्ये सिंधूच्या खोऱ्यालगत असे तुकडे आहेत, नागालँड आणि अंदमानातही आहेत. मग रामटेक तालुक्यात का नसावेत?

मुलांचा दुसरा आधार मँगनीजचा होता. ‘गवेषणी’ जहाजानं १९८१ साली समुद्राच्या तळावरून मँगनीजचे गोळे वर काढले. आज हिंदी महासागराच्या मध्य खोऱ्यात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात असे गोळे शोधण्याचा हक्क भारताकडे आहे. मँगनीज म्हणजे खोल महासागर, असं समीकरण मुलांच्या डोक्यात बसलं होतं.

खरी अडचण अशी की समुद्रात साचलेला खडक वेगळा आणि महासागराचा तळ वेगळा. किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात, भूखंडाच्याच कडेवर, वाळू, चिखल आणि चुना साचतो. त्यातून क्वार्टझाइट, शिस्ट आणि संगमरवर तयार होतात. महासागराचा तळ बेसॉल्टचा असतो. त्याच्याखाली उभ्या डाइकांची, म्हणजे भेगेत वितळलेला खडक घुसून गोठलेल्या पट्ट्यांची दाटी, त्याखाली गॅब्रो (बेसॉल्टसारखाच, पण खोलवर थंडावलेला भरड खडक) आणि सर्वांत खाली प्रावरणाचे, म्हणजे कवचाखालच्या थराचे, हिरवट खडक. हा सगळा क्रम जमिनीवर मिळाला तर त्याला ओफिओलाइट म्हणतात, आणि १९७२ च्या पेनरोज परिषदेनं त्याची व्याख्या नीट बांधून दिली आहे. शिवाय अँफिबोलाइट बेसॉल्टपासूनच होतो असंही नाही. चिखल मिसळलेल्या डोलोमाइटी, म्हणजे मॅग्नेशियम असलेल्या, चुनखडकाला पुरेशी उष्णता मिळाली की तोही अँफिबोलाइट होतो आणि हातात घेतला तर फरक सांगता येत नाही. समोरच्या काळ्या पट्ट्याचा उगम तीनपैकी एक असू शकत होता : समुद्रतळाचा लाव्हा, नंतर घुसलेली डाइक, किंवा समुद्रातलाच चिखल.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सरळ प्रयोगशाळेचा होता. नमुने गोळा करायचे, रासायनिक विश्लेषण करून घ्यायचं आणि टायटॅनियम, झिर्कोनियम, इट्रियमचे आकडे पिअर्स आणि कॅन यांच्या १९७३ च्या त्रिकोणी आलेखात टाकायचे. ठिपका महासागरी बेसॉल्टच्या चौकटीत पडला की प्रबंध झाला. मुलगा या मताचा होता आणि त्याला दोष देता येत नाही, कारण छापून येणारे कितीतरी लेख असेच लिहिलेले असतात. मुलीचा आक्षेप मला जास्त पटला. तो आलेख खडक बेसॉल्टच आहे हे गृहीत धरतो. त्यात चिखलाचे आकडे घातले तरी ठिपका कुठेतरी पडणारच, आणि तो ‘मी बेसॉल्ट नाही’ असं काही सांगणार नाही.

दुसरा पर्याय होता भारतीय सर्वेक्षणाचं ५५ ओ/६ या क्रमांकाचं संपूर्ण नकाशापत्रक १ : ५०,००० वर पुन्हा तपासायचा. भूकोश संकेतस्थळावर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे फुकट मिळतात, त्यामुळे आधार तयार होता. पण या मापावर पाच मीटर जाडीचा पट्टा कागदावर मिलिमीटरचा दहावा भाग होतो. ज्या पट्ट्याविषयी प्रश्न आहे तोच दिसणार नाही.

तिसरा पर्याय म्हणजे छोटा तुकडा १ : ५,००० वर घ्यायचा, काळ्या-पांढऱ्याच्या प्रत्येक सीमेवर पायी फिरायचं आणि विश्लेषणाचे पैसे त्यानंतरच खर्चायचे. यातून मिळणारं काम लहान दिसणार, हीच धास्ती होती. मार्गदर्शक मॅडमनी शेवटी हाच निवडला, आणि माझ्या मते त्याचं मुख्य कारण पैशाचं होतं. विश्लेषणासाठी जमलेली रक्कम मोजक्या नमुन्यांपुरतीच होती. एकदा खर्चली की संपली.

प्रत्यक्ष काम

सुरुवात बिघडली होती. मुलं पहिल्यांदा गेली ती हातोडे आणि मोबाईल घेऊन, थेट वावरात. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की नवी खाण येणार. एका शेतकऱ्यानं धुऱ्यावरून परत पाठवलं. पुढच्या वेळी मॅडम स्वतः महाविद्यालयाचं पत्र घेऊन ग्रामपंचायतीत बसल्या. आपण कुणाच्या कंपनीचे नाही, जमिनीला हात लागणार नाही, हे सांगितलं. व्याघ्र प्रकल्पाचं जंगल कामातून आधीच वगळलं. तिथं दगड फोडायला परवानगी नसते आणि ती मिळवण्यात हंगाम गेला असता. महसुली जमीन, नाले आणि शेतं एवढंच क्षेत्र ठेवलं.

पंचायतीतच एक म्हातारे भेटले. मँगनीज खाणीत मेट, म्हणजे मजुरांवरचे मुकादम, म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. मुलं त्यांना काकाजी म्हणू लागली. मुलांनी एक काळा पट्टा नाल्याच्या काठी संपवला होता. नकाशावर तशी रेघही ओढली होती. काकाजी म्हणाले, “तुमाले वाटते हा इथं सरते, पण तो सरत नाही जी. पल्याड जाऊन पाहा. तिकडं पांढऱ्या गोट्यातून आडवा निंगते.” मुलीनं विचारलं, तुम्हाला कसं माहीत? “खाणीत पट्टा तुटला म्हणजे साहेब आमालेच धाडे, कुठं गेला तो पाहाले. काहून नाही माहीत राहीन?”

‘आडवा’ हेच सगळ्या कामाचं वळण ठरलं. पट्टा थरांना समांतर असेल तर तो लाव्हा असू शकतो, चिखल असू शकतो, थरांमधून सरकलेली सिलही असू शकते. थर कापून आडवा जात असेल तर लाव्हा आणि चिखल दोन्ही बाद.

आता नाल्यातला एक छेद जवळून बघू. तळाशी संगमरवर पांढरा, दाणेदार, साखरेसारखा. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर जेमतेम बुडबुडे येतात. चाकूनं खरवडून पूड केली की फसफसतो. म्हणजे डोलोमाइटी. वीतभर वर पांढऱ्यात हिरवी झाक येते, भिंगाखाली डायोप्साइड या खनिजाचे बुटके आणि ट्रेमोलाइट या खनिजाचे लांबट दाणे दिसतात. आणखी वर हॉर्नब्लेंड येतं, खडक गडद होत जातो आणि मग तळहाताएवढा शुद्ध काळा पट्टा. त्याच्या वर हाच क्रम उलटा : हिरवट, मग पांढरा. कुठेही धारदार सीमा नाही. हेच चक्र छेदात पुन्हापुन्हा येतं. चुन्यात चिखलाचं प्रमाण वाढत जावं, कमी व्हावं, पुन्हा वाढावं, असं समुद्रात साचलेल्या गाळात होतं. लाव्हा असा हळूहळू चुन्यात विरत नाही. समांतर, बारीक पट्ट्यांचा निकाल इथं बराचसा लागला. पूर्ण नाही, कारण लाव्हाची राख गाळात मिसळूनही असं दिसू शकतं.

काकाजींनी दाखवलेला जाड पट्टा वेगळा निघाला. नाल्यापलीकडे तो संगमरवराच्या पट्ट्यांना तिरका छेदत होता, पण जिथं सीमा हवी नेमकी तिथं धानाच्या बांध्या. वर दोन-तीन फूट माती. इथं नशीब आडवं आलं नाही. एका शेतकऱ्याची विहीर चालू होती, सुरुंग लावून झाले होते, बांधकाम व्हायचं होतं. विहिरीच्या मालकाला विनंती केली. त्यांनी मजुरांच्या सुट्टीच्या दिवशी दोर लावून मुलांना उतरू दिलं, अट एवढीच की काही झालं तर आमच्यावर येऊ नये.

विहिरीच्या भिंतीत काळ्या खडकात हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक तुकडा अडकलेला होता. त्याचे पट्टे बाहेरच्या संगमरवराच्या पट्ट्यांशी जुळत नव्हते, कोनात होते. म्हणजे वितळलेला खडक वर येताना भिंतीचा तुकडा तोडून सोबत घेऊन गेला. सीमेजवळ काळ्या खडकाचा दाणा बारीक आणि आत भरड होता. मुलाला हा पुरावा फार आवडला होता. मॅडमनी त्याला एकट्याला वजन दिलं नाही, ते योग्यच, कारण रूपांतरणात दाणे नव्यानं वाढतात आणि असा फरक पुसलाही जातो, नव्यानं तयारही होतो. अडकलेला तुकडा आणि तिरकी सीमा पुरेशी होती. जाड पट्टा डाइक. त्याच्या आतले पापुद्रे आजूबाजूच्या शिस्टच्या पापुद्र्यांना समांतर होते, म्हणजे घड्या पडण्याच्या आधी किंवा घड्या पडताना तो घुसला.

नमुने कुठून घ्यायचे

इथं या प्रकरणातला मला सर्वांत शिकण्यासारखा वाटलेला निर्णय येतो. नमुने थोडे. मुलांची यादी अशी होती : आठ पट्टे, आठ नमुने, म्हणजे ‘सगळा भाग झाकला जाईल’. माझं म्हणणं पडलं की एकाच पट्ट्यात काठापासून काठापर्यंत ओळीनं घ्या, दोनच पट्टे होऊ देत.

कारण साधं आहे. एका नमुन्याच्या आकड्यांवरून बेसॉल्ट आणि चिखल-डोलोमाइटचं मिश्रण वेगळं काढता येत नाही. लीक यांनी १९६४ साली दाखवून दिलं की फरक कलात असतो. अग्निज खडकांच्या मालिकेत मॅग्नेशियमचं प्रमाण जिथं जास्त तिथं क्रोमियम आणि निकेलही जास्त, कारण लवकर स्फटिकं होणारी खनिजं हे तिन्ही सोबत घेतात. चिखल आणि डोलोमाइटच्या मिश्रणात उलटं होतं. डोलोमाइट वाढला की मॅग्नेशियम वाढतं आणि क्रोमियम, निकेल, टायटॅनियम घटतात, कारण ते चिखलासोबत आलेले असतात. आठ पट्ट्यांतून एकेक नमुना घेतला तर कल दिसणारच नाही, नुसता आठ ठिपक्यांचा पसारा दिसेल. सोडियम आणि पोटॅशियम रूपांतरणात सहज इकडचे तिकडे होतात, म्हणून त्यांच्यावर काही उभं करायचं नाही हेही तेव्हाच ठरलं.

निकाल आला तेव्हा बारीक पट्ट्याच्या ओळीत मॅग्नेशियम वाढेल तसे क्रोमियम आणि निकेल उतरत होते. डाइकच्या ओळीत चढत होते. नाल्यात आणि विहिरीत जे दिसलं त्याच्याशी हे जुळलं. राखेची शंका बरीच मागे पडली.

मँगनीजचं काय

गोंडाइटचा पट्टा शिस्ट आणि संगमरवराच्या शेजारून जात होता. मुलांनी तो खोल महासागराचा पुरावा म्हणून ठेवला होता, तो उलट बाजूला गेला. ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात मँगनीज विरघळलेलं राहतं. ते पाणी उथळ, ऑक्सिजनयुक्त भागात चढलं की ऑक्साइड होऊन तळाला बसतं. लोह त्याच्या आधीच बसलेलं असतं, म्हणून दोन्ही वेगळे होतात. जॉर्जियातलं चियातुरा, युक्रेनमधलं निकोपोल, ऑस्ट्रेलियातलं ग्रूट आयलंड हे मोठे साठे असेच उथळ समुद्रातले आहेत. खोल तळावरच्या गोळ्यांमध्ये निकेल, तांबं आणि कोबाल्ट भरपूर असतं, आणि त्यांच्यासाठीच आज त्या गोळ्यांना किंमत आहे. मँगनीजच्या गाळात वाळू आणि चिखल मिसळून तो तापला की क्वार्ट्झ आणि मँगनीज-गार्नेट होतात, म्हणजेच गोंडाइट. शेजारचे सोबती पाहिले तर इथं समुद्र होता, पण भूखंडाच्या कडेवरचा.

मुलीनं प्रबंधात आणखी एक युक्तिवाद घातला होता. आजच्या महासागरात साधारण चार-साडेचार किलोमीटरच्या खाली चुना विरघळतो, म्हणून संगमरवर असेल तिथं पाणी खोल नसणार. वाचायला छान, पण चालणारा नाही. आज खोल समुद्रात चुना पडतो तो तरंगत्या सूक्ष्मजीवांच्या कवचांचा, आणि सौसरच्या काळात ते जीव नव्हतेच. आजचा नियम तेव्हाच्या समुद्राला लावता येत नाही. परिच्छेद काढला. त्याच्या जागी डोलोमाइटचे जाड, दूरवर पसरलेले थर आणि त्यांच्या जोडीचं क्वार्टझाइट एवढंच ठेवलं.

काय हाती आलं

नकाशावर काळ्या रंगाच्या जागी तीन खुणा आल्या. थरांना समांतर आणि हळूहळू बदलणारा, गाळापासून झालेला. थर छेदणारा, डाइकचा. आणि ज्याची सीमा मातीखाली आहे, ज्याच्याबद्दल काही म्हणता येत नाही तो. तिसऱ्या खुणेवर मुलगा अडून बसला होता, ‘परीक्षक विचारतील की काम अर्धवट का सोडलं.’ परीक्षकांनी विचारलं खरं, पण वेगळं : बाकीच्या दोन खुणा इतक्या ठामपणे कशा मारल्या? नाल्याचा छेद आणि विहिरीचे फोटो दाखवल्यावर पुढचे प्रश्न डाइकच्या वयाकडे गेले.

शीर्षकातून ‘महासागरी कवच’ गेलं. ‘उथळ सागरी गाळ व त्यातील अँफिबोलाइटचे द्विविध उगम’ असं आलं. याचा अर्थ या सांध्यात महासागराचा तळ नाहीच असा होत नाही. दक्षिणेला साकोली पट्ट्यात रूपांतरित बेसॉल्ट आहेत, पवनीकडे क्रोमाइटचे खडक आहेत, तिथं हाच प्रश्न वेगळ्या पुराव्यांनी विचारावा लागेल. या एका तुकड्यापुरतं उत्तर ‘नाही’ असं आलं.

काय वेगळं करता आलं असतं

हंगाम. मुलं पावसाळा संपता संपता गेली. बांध्यांत पाणी, सागाला पानं, दहा फुटांपुढचं दिसत नाही. धान कापल्यावर, आणि जंगलाकडेच्या भागात पानगळीनंतर, त्याच क्षेत्रात उघडे खडक बरेच जास्त सापडले असते.

विहिरी. गावातल्या चालू आणि गेल्या वर्षी झालेल्या विहिरींची यादी पहिल्याच दिवशी ग्रामसेवकाकडून घ्यायला हवी होती. एकीवर योगायोगानं काम भागलं. काठावरच्या मलब्याचे दगड मात्र फक्त काय आहे ते सांगतात, कुठल्या दिशेला झुकलं आहे ते सांगत नाहीत. सुरुवातीला मुलांनी अशा ढिगातून घेतलेले नमुने नकाशावर पक्क्या जागेसारखे टाकले होते, ते पुसावे लागले. बांधकामाच्या आधी भिंत पाहणं हाच उपाय.

थरांची वरची बाजू कुठली, हा प्रश्न राहून गेला. वेस्ट यांच्या मांडणीमुळे देवलापारला हा प्रश्न टाळून चालत नाही. थर उलटा असेल तर आधी काय साचलं आणि नंतर काय, याची गोष्टच उलटी होते. क्वार्टझाइटमध्ये क्वचित तिरप्या थरांच्या जुन्या खुणा टिकलेल्या असतात. मुलांनी क्वार्टझाइटच्या कडेला फार वेळ दिला नाही, कारण त्यांच्या लेखी गोष्ट काळ्या पट्ट्यात होती.

आणि डाइकचं उत्तरेकडचं टोक. ते जंगलाच्या हद्दीत जातं म्हणून नकाशावर तुटक रेघ आहे. पुढच्या तुकडीनं वनखात्याच्या परवानगीचा अर्ज शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधीच केला, तर हातोडा न लावता नुसतं बघून आणि होकायंत्रानं दिशा मोजूनही ती रेघ पक्की करता येईल. नाल्यापासून तिथपर्यंत जायची वाट काकाजींना माहीत आहे.